तिच्या नावापुढचं शून्य

१५ जुलै, मंगळवार. दंडाच्या डब्यात सहाशे अठरा रुपये निघाले. मोजताना तिसरीच्या वर्गात आम्ही तिघे होतो: मुख्याध्यापिका, संस्थेचे एक सदस्य आणि मी. नाणी मी मोजली, दोनदा. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

हा दंड मराठी बोलल्याचा. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, इंदापूरहून बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शाळेच्या आवारात आणि शाळेच्या व्हॅनमध्ये मराठीत बोललं की वाक्याला दोन रुपये, हा नियम मी येण्याआधीपासून होता. प्रत्येक वर्गात झाकणाला भोक पाडलेला एक डबा होता. वर्गात आणि व्हॅनमध्ये मॉनिटर चिठ्ठीवर नावं लिहायचा आणि मुलं दुसऱ्या दिवशी पैसे आणून टाकायची. कुणी किती टाकले याची नोंद मात्र कुठल्याच वर्गात नव्हती. मला ते खुपायचं. लहान मुलाचे दोन रुपये का असेनात, घेतले तर लिहिलेले असावेत. म्हणून मी तिसरीचा वर्गशिक्षक झाल्यावर एक वही घातली: तारीख, नाव, रक्कम, सही. महिनाभरात तीनशे नऊ नोंदी झाल्या. वर्गात मुलं सत्तावीस. दोन नावांपुढे शून्य होतं. एक मुलगा डॉक्टरांचा, त्याच्या घरी इंग्रजीच बोलतात. दुसरी मुलगी शेळगावची.

शून्यवाल्यांना बक्षीस द्यायचं ही कल्पना माझी. नव्वद रुपयांची एक, अशा दोन पाण्याच्या बाटल्या डब्यातल्या पैशांतून आणल्या आणि शुक्रवारी शाळा सुटताना दिल्या. मुलीला घ्यायला त्या दिवशी तिचे आजोबा आले होते. घरात एकेकाळी दोनशे मेंढरं होती, आता चार एकर ऊस आणि दारात सात मेंढरं, असं त्यांनीच मला प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. बाटली त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हंजी म्हैनाभर एक बी शबूद मराठीत न्हाय?"

"नाही, आबा. वहीत एकही नोंद नाही."

"नवालच म्हणायचं. घरी हिच्या तोंडाला झाकाण नस्तं. मानसं कमी पडली तर मेंढरास्नी गोष्टी सांगती." ते हसले. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "समद्या आळीला दावनार ही बाटली."

मीही हसलो. मुलगी बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. ती हसली की नाही, हे मला आठवत नाही. पुष्कळ आकडे माझ्या ध्यानात राहतात, पण तिचा त्या वेळचा चेहरा राहिलेला नाही.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एकोणीस वर्षं गणित मराठीतून शिकवलं. पट कमी होत गेला, मराठी तुकड्या एकेक करून बंद झाल्या, आणि संस्थेने मला इंग्रजी माध्यमाकडे पाठवलं. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. घरी बायको, दहावीतला मुलगा आणि घराचे हप्ते. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मला इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना जीभ टाळूला चिकटते. म्हणून उद्या वर्गात काय बोलायचं ती वाक्यं मी आदल्या दिवशी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर लिहून काढायचो आणि स्वयंपाकघरात म्हणून बघायचो. बायको भाजी चिरता चिरता ऐकायची. एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही वर्गात शिकवता का बातम्या देता?"

कागदावर नसलेलं काही एखाद्या मुलाने विचारलं तर काय, ही धास्ती मला रोज साडेआठपासून पावणेपाचपर्यंत असायची. खरं ते लिहितो: मुलं प्रश्न विचारत नव्हती, ते माझ्या पथ्यावर पडत होतं. मी कागद वाचायचो, फळ्यावर उदाहरण सोडवायचो, आणि समजलं का असं इंग्रजीत विचारायचो. सत्तावीस तोंडांतून एकदम "येस सर" यायचं. तास संपायचा. मला सुटल्यासारखं वाटायचं.

१९ जुलैच्या शनिवारी संस्थेने आम्हा सहा जणांना बारामतीला प्रशिक्षणाला पाठवलं. इंग्रजी घरात नसलेल्या मुलांना इंग्रजीतून कसं शिकवायचं, हा विषय. चाळीसेक शिक्षक होते. मी शेवटची रांग धरली आणि खांबाआड बसलो. प्रशिक्षक बाई इंग्रजीत काही विचारतील आणि इतक्या लोकांत माझं पितळ उघडं पडेल, हीच धास्ती. मोटारसायकलवर येतानाही मी स्वतःची ओळख करून देणारी चार वाक्यं घोकत होतो.

बाई पन्नाशीच्या असतील. आल्या, फळ्याकडे गेल्या आणि एक शब्दही मराठी किंवा इंग्रजी न बोलता थेट कानडीत शिकवू लागल्या. फळ्यावर आकडे होते, अपूर्णांकांची बेरीज होती. ती मी झोपेतही करीन. पण बाई बोलत होत्या त्यातलं मला काहीही कळत नव्हतं. हे आकडे मिळवायचे आहेत की लहानमोठे लावायचे आहेत, वहीत लिहायचं आहे की नुसतं बघायचं आहे, काही पत्ता लागेना. मध्येच थांबून त्यांनी सगळ्यांकडे पाहत काहीतरी विचारलं. पुढच्या रांगेने माना हलवल्या. मग मधल्या रांगांनी. मग मीही हलवली.

बाई सरळ खांबापाशी आल्या आणि खडू माझ्यापुढे धरला.

मी उठलो नाही. सेहेचाळीस वर्षांचा, एकोणीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, आणि तिसरीतल्या मुलासारखा बाकाकडे बघत बसलो. शेजारच्या सरांनी कोपराने ढोसलं, "जा की राव," तरी उठलो नाही.

मग त्या मराठीत बोलल्या. "सर, तुम्ही मान का हलवली?"

"सगळ्यांनी हलवली म्हणून."

हशा झाला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या वर्गातली मुलं याच कारणासाठी 'येस' म्हणतात. समजलं का असं विचारू नका. काय समजलं ते त्यांच्या भाषेत सांगायला सांगा. चित्र काढायला सांगा, करून दाखवायला सांगा. आणि विचारल्यावर थांबा. निदान मनात दहा मोजेपर्यंत थांबा."

जाताना त्यांनी पुढच्या शनिवारसाठी गृहपाठ दिला. सोमवार ते शुक्रवार, वर्गातलं प्रत्येक मूल आपणहून किती वेळा बोललं याची मोजणी करायची. सगळ्यांनी एकदम म्हटलेलं धरायचं नाही. कुठल्याही भाषेत बोललेलं धरायचं. इतर शिक्षक कुरकुरले. मी मात्र खूश झालो. सहा तासांत पहिल्यांदाच मला येण्यासारखं काम मिळालं होतं.

रविवारी दुपारी पट्टीने तक्ता आखला. उभी सत्तावीस नावं, आडवे पाच वार. एकदा बोललं की एक रेघ, पाचवी रेघ तिरकी.

सोमवारी शेळगावच्या मुलीच्या नावापुढे काही नव्हतं. मंगळवारीही नव्हतं. आणखी चारपाच घरं रिकामी होती, पण ती एकदोन दिवसांत भरली. बुधवारी मधल्या सुट्टीतही मी मुद्दाम व्हरांड्यात उभा राहिलो. ती डबा खात होती. शेजारणीने विचारलं तर मान हलवत होती. पाणी हवं असेल तर बोट दाखवत होती. शाळा सुटल्यावर मी एका हातात तक्ता आणि दुसऱ्या हातात दंडाची वही घेऊन बसलो. वहीत शून्य. तक्त्यात तीन दिवस शून्य. दोन्ही शून्यं शेजारी ठेवल्यावर मला खरं काय ते दिसलं. ती इंग्रजी बोलत होती म्हणून तिला दंड नव्हता, असं नव्हतं. ती बोलतच नव्हती. शाळा सुरू झाली त्या सोळा जूनपासून तिने शाळेत तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याबद्दल मी तिला बाटली दिली होती.

त्याच वेळी उठून काहीतरी करायला हवं होतं. आजोबांना फोन करता आला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जवळ बोलावून मराठीत दोन शब्द बोलता आले असते. मी ते केलं नाही. का, तर मोजणीचे दोन दिवस उरले होते. मी बोललो असतो तर ती बोलली असती, आणि तक्ता बिघडला असता. आठवडा पुरा होऊ दे, शनिवारी बाईंना दाखवू आणि सोमवारी बोलू, असं ठरवून मी तक्ता नीट घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चार वाजता लोणी देवकरची व्हॅन बंद पडली. लोणीची मुलं बावीस, त्यांचे आईबाप तिथल्या कारखान्यांत कामाला. शेळगावची मुलं पंधरा. मुख्याध्यापिकांनी ठरवलं की शेळगावची पांढरी व्हॅन आज लोणीला जाईल, लोणीचाच ड्रायव्हर ती नेईल, आणि शेळगावची मुलं थांबून शाळेच्या सव्वापाचच्या बसने जातील. वर्गावर्गात तसं सांगायची सूचना आली. तिसरीत शेळगावची ती एकटीच होती. मी दोन वाक्यं घाईने कागदावर लिहिली, इंग्रजीत वाचून दाखवली आणि समजलं का असं इंग्रजीतच विचारलं. शनिवारी खांबाआड काय शिकलो होतो ते पाच दिवसांत कुठे गेलं, कोण जाणे.

"येस सर," वर्ग म्हणाला. तिचे ओठही हलले असतील.

घंटा झाली. ती बाहेर पडली आणि रोजच्यासारखी पांढऱ्या व्हॅनमध्ये जाऊन बसली.

सव्वापाचला बस निघताना फाटकात मी उभा होतो. मुलं चढताना मोजली. पंधरा. बसच्या मावशींनीही मोजली. पंधरा. मी वहीत पंधरा लिहून सही केली आणि इंदापूरला घरी आलो. पाचवीतली एक मुलगी त्या दिवशी शेळगावला मामाकडे निघाली होती, आणि तिच्यामुळे पंधरा भरले होते, हे मला माहीत नव्हतं. आकडा बरोबर होता.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. कपात चहा होता.

"सर, बस आली. समदी पोरं उतरली. आमची न्हाय उतरली."

"आबा, मी स्वतः मोजलीत. पंधरा."

"तुमी पंधरा मोजली, पर आमची त्यात न्हाय ना!"

तो आवाज मी विसरू शकत नाही. ओरडणं नव्हतं. मी काहीतरी सांगेन, हे अजून गृहीत धरलेला आवाज होता. मी बसच्या मावशींना फोन लावला आणि आकडा नको, एकेक नाव सांगा म्हणालो. मामाकडे जाणारीचं नाव आलं तेव्हा पंधरा कसे भरले ते कळलं. बायकोने विचारलं, काय झालं? ती रोजच्या पांढऱ्या व्हॅनमध्येच बसली असणार, मी म्हणालो.

लोणीच्या ड्रायव्हरचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. मी मोटारसायकल काढली. हायवेला लागलो. संध्याकाळची वेळ, सोलापूरकडचे ट्रक एकामागून एक. मला त्या रस्त्यावर एवढे ट्रक असतात हे कधी जाणवलं नव्हतं. आठ वर्षांचं पोर हा रस्ता ओलांडायला निघालं तर? पुढे दोन्ही बाजूंना ऊस, पुरुषभर उंच. त्यात शिरलेलं माणूस हाक मारल्याशिवाय सापडत नाही, आणि हाकेला ओ द्यावी लागते. डाळिंबाच्या बागांजवळ शेततळी दिसू लागली. आमच्या तालुक्यात ती जागोजाग आहेत, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेली. कडा इतक्या निसरड्या असतात की आत घसरलेलं मोठं माणूसही वर येऊ शकत नाही. काठावरून कुणी जात असेल तर बुडणाऱ्याने ओरडावं लागतं. ही ओरडेल का? मी तीनदा गाडी थांबवून तळ्यांच्या काठावर चढलो. पाणी स्थिर होतं. ते बघून बरं वाटावं की नाही, हेही कळेना.

तिसऱ्या तळ्यापाशी ड्रायव्हरचा फोन आला.

"व्हय सर, व्हती की एक बारकी पोरगी. शेवटच्या थांब्यावर समदी उतरली, ती बी उतरली. मी इचारलं, बाळ, कुठं जायचं? बोलली न्हाय. मला वाटलं न्यायला येणार आसल कोनतरी."

"तुम्ही मराठीत विचारलं ना?"

"मराठीतच की! मला कुठं विंग्रजी येतंय?" मग म्हणाला, "पुढं ती मॉनिटर पोरगी कागुद घिऊन बसलीती. गाडीत चिडीचूप, सर. मला बी बोलायचं भ्या वाटतं."

शेवटचा थांबा कारखान्यांच्या कोपऱ्यावर आहे. पाळी सुटून तास होऊन गेला होता. रस्ता जवळजवळ मोकळा होता, एकच चहाची गाडी उभी होती. गाडीवाल्याने मला पुरतं बोलूच दिलं नाही.

"शाळेच्या कपड्यातली मुकी पोरगी व्हय? बिस्कुट दिलं, घेतलं न्हाय. नाव इचारलं, न्हाय सांगितलं. अर्धा तास उभी व्हती हितं. मग पलीकडं मेंढरं दिसली तशी तिकडं गेली."

मुकी. तो सहज म्हणाला. माझ्या तक्त्यात हाच शब्द चार दिवस लिहायचा राहिला होता.

रस्त्यापलीकडे एक रिकामा प्लॉट होता, तारेचं कुंपण पडलेलं. तिथे मेंढपाळांचा मुक्काम होता. शंभर-सव्वाशे मेंढरं, दोन घोडी, तीन दगडांची चूल. चुलीपाशी एक बाई भाकरी थापत होती आणि तिच्या मागे, पाठीवर दप्तर तसंच, मांडीवर बाटली, अशी ती बसली होती. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. मी पुढे झालो तशी बाई पिठाचे हात घेऊन उठली आणि आडवी आली.

"कोन तुमी?"

"मी तिचा मास्तर. तिला न्यायला आलोय."

"आसाल. पोरगी वळखती का तुमाला?" ती मागे वळली. "ह्यो कोन गं तुझा?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बोलली नाही.

"बोल बाळा," मी म्हणालो. "सांग त्यांना. मराठीत बोल."

तिने ओठ घट्ट मिटले. तिच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं. वहीत नावं लिहिणारा मीच होतो. माझ्यासमोर मराठी कशी बोलणार?

"न्हाय बोलत," बाई म्हणाली. "मग न्हाय द्यायाची. पोरीची जात हाय. आमी गळ्यातल्या कार्डावरच्या नंबरला फोन लावला, कोनी उचलना. तिच्या घरचं मानूस ईल त्याच्या हाती दीन. मास्तर म्हनून कोन बी ईल."

तिचा राग येण्यासारखी माझी बाजू नव्हती. शाळेचा फोन साडेपाचनंतर कुलपात असतो. मी आजोबांना फोन लावला, सापडली एवढं सांगितलं, आणि फोन मुलीच्या कानाशी धरला. पलीकडून आजोबा नाव घेऊन हाका मारत होते, मला ऐकू येत होतं. तिने फोन हातात घेतला, माझ्याकडे पाठ केली, चार पावलं मेंढरांत गेली. आणि मग बोलली.

"आबा, मला हितं सोडलं. आपली व्हॅन दुसरीकडंच आली." मग धरण फुटावं तशी. चहावाल्याने बिस्किट दिलं ते घेतलं नाही, इथल्या मेंढरात एक आपल्या मेंढीसारखी आहे, भूक लागलीय. आजोबा काहीतरी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "कसं इचारू? मराठी बोललं की नाव लिवत्यात. माझं एकदा बी न्हाय लिवलेलं. मग बाटली माघारी घेत्यात. तुमी समद्यास्नी दावलीया."

मेंढपाळ बाईने माझ्याकडे बघितलं. मला बसायला एक पोतं दिलं.

आजोबा पुतण्याच्या गाडीवर आले तोवर पावणेआठ होऊन गेले होते. त्यांनी नातीला उचललं, बाईला हात जोडले. माझ्याशी बोलले नाहीत.

शुक्रवारी सकाळी मात्र ते शाळेत आले आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ती बाटली ठेवली. संस्थेचे ते सदस्यही बोलावल्यावरून आले होते.

"ही घ्या माघारी," आजोबा म्हणाले. "हिच्यापायी आमची पोरगी जात व्हती."

सदस्य म्हणाले, "आबा, चूक व्हॅनची हाय. ड्रायव्हरला काढून टाकू."

"ड्रायव्हरनी इचारलं तरी व्हतं तिला. तुमी कुनी इचारलं?"

"पण पालक फी कशासाठी भरत्यात? इंग्रजी यावं म्हनूनच ना? उद्या दंड बंद केला तर पोरं शाळेत बी मराठी बोलतील."

"बोलू द्या की! हरवली तर सापडतील तरी."

मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत होत्या. मी बक्षीस माझ्या डोक्यातून निघालं हे सांगितलं, आणि वही तिथेच ठेवली. दंडाचं संस्थेच्या बैठकीत ठरेल, सध्या नियम आहे तसा, असं ठरून सगळे उठले.

शनिवारी बारामतीला मी पहिल्या रांगेत बसलो. तक्ता पुढे केला. बाईंनी एकेक ओळ बघितली आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बुधवारी तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

"आठवडा पुरा व्हायचा होता."

चाळीस माणसं बसली होती. कुणी हसलं नाही. बाईंनी तक्ता घडी करून मला परत दिला. त्या दिवशी त्यांनी जोड्या कशा लावायच्या ते शिकवलं: आधी मुलांनी आपसांत घरच्या भाषेत बोलायचं, मग इंग्रजी वाक्य करायचं. सूचना दिली की तीन मुलांनी ती मराठीत परत सांगायची. मी सगळं लिहून घेतलं. लिहिताना मनात मात्र मी चाळिसांतल्या प्रत्येकाच्या वर्गात किती शून्यं असतील ते मोजत होतो.

सोमवारी गणिताच्या तासाला मी उदाहरण दिलं आणि वर्गात फिरू लागलो. परत आलो तर ती माझ्या टेबलापाशी उभी होती. तिने मूठ उघडली आणि दोन रुपयांचं नाणं टेबलावर ठेवलं. नाणं घामाने ओलं होतं.

"आबांनी दिलंय," ती हळूच म्हणाली. "बोलायची येळ आली तर आधी पैसं दे म्हणाले. सर, मला भागाकार कळत न्हाय."

मी मनात दहा मोजायचं विसरलो. नियम अजून होता. मॉनिटरने पेन्सिल उचलली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी मानेने नाही म्हटलं. खुर्ची ओढून मुलीला शेजारी बसवलं आणि खडूचे बारा तुकडे तिच्यापुढे ठेवून तिच्याशी मराठीत बोललो. मग मागून कुणीतरी म्हणालं, "सर, मला पण नाही कळत." आणि आणखी एक. त्या तासात सत्तावीसपैकी अकरा मुलांनी तेच सांगितलं. इतके दिवस ते सगळे "येस सर" म्हणत होते.

त्या संध्याकाळी मुख्याध्यापिकांना लिहून दिलं की मी यापुढे ही वही ठेवणार नाही. नोकरीचं काय होईल या भीतीने दोन रात्री झोप नव्हती. बायको म्हणाली, "हप्ते फेडू कसेतरी. तुम्ही आधी नीट जेवा." बैठक ऑगस्टमध्ये झाली. दंड बंद झाला, तीन विरुद्ध चार मतांनी. ड्रायव्हरला काढलं नाही. त्या सदस्यांनी मात्र मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "सर, इंग्रजीचा निकाल लागला न्हाय तर तुमचं नाव लिवीन मी." ते चेष्टेत म्हणाले असतील. मला अजून तशी खात्री नाही.

आता रोज पावणेपाचला मी मुलं मोजत नाही, नावं घेतो, आणि प्रत्येक मुलाला तू कुठल्या गाडीने जाणार ते सांगायला लावतो. त्याच्या भाषेत. सात मिनिटं जास्त लागतात. ती तोंडाने "पांढऱ्या" म्हणेपर्यंत मी फाटकातून हलत नाही. गाडी गेल्यावरही सहा दहापर्यंत फोन हाताशी असतो. बायकोने त्या वेळेला चहा करणं सोडून दिलंय.

मुख्याध्यापिकांनी परत दिलेल्या वहीचा हिशेब असा मिटला. १६ जून ते २४ जुलै एकूण दंड सातशे ब्याऐंशी रुपये. त्यातले एकशे ऐंशी बाटल्यांना गेले होते, ते मी माझ्या खिशातून भरले. सातशे ब्याऐंशी रुपये पंचवीस मुलांना ज्याचे त्याला परत केले, सह्या घेतल्या. टेबलावर राहिलेलं ते एक नाणं वहीत कधी चढलंच नव्हतं. म्हणून शेवटच्या पानावर तिचं नाव लिहिलं आणि ते दोन रुपये तिच्या हातावर ठेवले.